स्क्वीजीचा ओढता व ढकलता स्ट्रोक
स्क्रीन प्रिंटिंगमध्ये स्क्वीजीचे रबरी पाते ताणलेल्या जाळीतून शाई कापडावर उतरवते. हाताने छापताना कारागीर पाते स्वतःकडे ओढतो किंवा पुढे ढकलतो. ढकलताना मनगटावर ताण कमी येतो, तर ओढताना दाबावर ताबा राहतो. स्वयंचलित यंत्रात हे काम सरकणारी गाडी करते. तिच्यावर स्क्वीजी आणि फ्लडबार असतात. स्क्वीजी छापते, फ्लडबार परतताना जाळीवर शाई पसरतो. त्यामुळे ओढणे-ढकलणे म्हणजे छपाई यंत्राच्या मध्याकडे होते की बाहेर, एवढेच उरते. खरा परिणाम पात्याचा कोन, धार, दाब आणि वेग यांचा. पाते गतीच्या दिशेने जास्त कलले तर शाईचा थर जाड बसतो; अति दाबाने पाते वाकते आणि छापाच्या कडा फुटतात.

दिशेला महत्त्व येते ते बहुरंगी कामात. जाळी स्ट्रोकच्या दिशेने किंचित ओढली जाते, म्हणून सर्व रंग एकाच दिशेने छापावेत. नाहीतर रंगांची जुळणी सरकते. पण दिशा सांभाळूनही स्क्रीन कच्ची असेल तर उपयोग नाही. पाचूबंदरसारख्या दमट किनारपट्टीवर पावसाळ्यात जाळीवरचा नक्षी घडवणारा लेप, म्हणजे इमल्शन, नीट सुकत नाही. अशी कच्ची स्क्रीन कोणत्याही दिशेच्या स्ट्रोकखाली लवकर झिजते. तिथे आधी इमल्शन पूर्ण सुकवणे हाच उपाय.