स्क्रू मेकॅनिकचा, मोजमाप सरकारचे

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी सिग्नलला थांबली की तिच्या कार्बोरेटरची परीक्षा सुरू व्हायची. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते आणि हवेचा ओघ इतका मंदावतो की मुख्य जेटमधून पेट्रोल खेचलेच जात नाही. मग ते झडपेजवळच्या बारीक छिद्रातून येते. किती यायचे ते मिक्श्चरचा स्क्रू ठरवतो आणि झडप किती उघडी राहायची ते थ्रॉटलचा. मेकॅनिक आधी मिक्श्चरचा स्क्रू अगदी थोडाथोडा फिरवून इंजिन सर्वांत जोरात कधी फिरते ते ऐकायचा आणि मग दुसऱ्या स्क्रूने रेस खाली आणायचा. टॅक्सीवाल्याला गाडी चौकात बंद पडायला नको असे, म्हणून मिश्रण जरा रिचच ठेवले जाई. जादा पेट्रोल धुरातून जायचे, पण त्याचा हिशेब कोणी मागत नव्हते.

फ्युएल इंजेक्शन आले आणि ही कारागिरी संपली, असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते त्याआधी कायदा तिच्या वाटेत आला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या नियम ११५ ने पेट्रोल गाड्यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला मर्यादा घातली: चारचाकीला ३ टक्के, दुचाकी-तीनचाकीला ४.५. तपासणी व्हायची ती इंजिन आयडलिंगवर असताना. म्हणजे प्रदूषण तपासणीचे, म्हणजेच पीयूसीचे, यंत्र नेमके तेच मोजत होते, जे मेकॅनिकच्या स्क्रूच्या हाती होते. तपासणीपुरते मिश्रण लीन करून नंतर स्क्रू पुन्हा पूर्वीच्या जागी आणला, तर कागद आणि गाडी दोन्ही शाबूत राहत. मग असा कायदा पोकळच नव्हता का? त्या एका तपासणीपुरता होता. पण नव्या गाड्यांसाठीचे नियम पुढे आवळत गेले. १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्रिमार्गी कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोलचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास सतत हवे असते. ते सेन्सर सांभाळू शकतो, स्क्रू नाही.

इंजेक्शन एरवीही आलेच असते, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. मर्सिडीजच्या ३०० एसएलमध्ये ते १९५४ मध्येच होते, तरी १९८३ ची मारुती ८०० कार्बोरेटरवरच बाजारात आली. तिला एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शन, मिळाले ते २००० च्या सुमारास, प्रदूषणाच्या युरो निकषांच्याच हंगामात. दुचाक्यांचा दाखला तर याहून बोलका आहे. तिथे निकष सैल होते, म्हणून कार्बोरेटर आणि त्याचा स्क्रू आणखी वीस वर्षे टिकला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हा कुठे बहुतेक नव्या मोटारसायकलींतून तो हद्दपार झाला.