वामावर्त आणि दक्षिणावर्त : दोन सदृश जीवाश्म-जातींच्या ओळखीचा इतिहास

सागरतळाच्या गाळात सापडणारी प्लवकी फोरॅमिनिफेरांची कवचे बारीक वाळूच्या कणाएवढी असतात. त्यांच्या काही जाती परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की, अनुभवी अभ्यासकांतही मतभेद संभवतात. हे मतभेद केवळ नामकरणापुरते मर्यादित राहत नाहीत. कारण या जातींच्या शेकडेवारीवरून प्राचीन सागरांच्या तापमानाचा अंदाज बांधला जातो. प्रस्तुत लेखात निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा व निओग्लोबोक्वाड्रिना इन्कॉम्प्टा या दोन जातींच्या ओळखीचा मागोवा घेतला आहे.

जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी १८६१ मध्ये डेव्हिस सामुद्रधुनीतील गाळावरून पॅकिडर्माचे वर्णन केले व तिला ॲरिस्टेरोस्पायरा या वंशात ठेवले. 'ॲरिस्टेरोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ डावा. ज्या लक्षणावरून पुढे दीर्घकाळ गोंधळ माजला, ते पहिल्याच नावात नोंदले गेले होते! नंतर ही जाती ग्लोबिजेरिना वंशात गणली जाऊ लागली. निओग्लोबोक्वाड्रिना हा आजचा वंश १९६७ मध्ये प्रस्थापित झाला.

१९५९ मध्ये एरिक्सन यांनी दाखवून दिले की, उत्तर अटलांटिकच्या थंड भागात या जातीची कवचे मुख्यतः वामावर्त, तर त्याहून उबदार भागात दक्षिणावर्त असतात. जाती एकच आणि वळण तापमानानुसार बदलणारे, असा याचा अर्थ लावला गेला. हा अर्थ तर्कदुष्ट नव्हता. दक्षिणावर्ती शंख दुर्मीळ म्हणून पूजिला जातो, पण तो वेगळ्या जातीचा नसतो. नेहमीच्याच शंखाचा तो उलट वळणाचा नमुना होय. मग सूक्ष्म कवचांच्या बाबतीत वळण हे जातिभेदाचे लक्षण का मानावे?

सिफेली यांनी मात्र १९६१ मध्ये उत्तर अटलांटिकमधील कवचांवरून ग्लोबिजेरिना इन्कॉम्प्टा ही नवी जाती मांडली. तिला व्यापक मान्यता मिळाली नाही. अनेक अभ्यासकांनी 'पॅकिडर्मा, दक्षिणावर्त' अशी नोंद करणेच पसंत केले. त्यांची अडचणही समजण्यासारखी आहे. दोहोंच्या शेवटच्या वेढ्यात साधारणतः चार कप्पे असतात, आणि कवचावर नंतर चढणाऱ्या कॅल्साइटच्या जाड थराखाली बारीक भेद झाकले जातात. दरम्यान वामावर्त कवचांची शेकडेवारी हिमयुगाच्या अभ्यासातील एक प्रमुख साधन बनली. १९९३ मध्ये बाँड व सहकाऱ्यांनी अटलांटिकच्या गाळाचा ग्रीनलंडच्या बर्फाशी मेळ घातला, तो याच आकड्यांच्या आधारे.

निर्णय अखेर जिवंत नमुन्यांवरून झाला. रायबोसोमल जनुकांच्या अभ्यासातून दोन्ही प्रकार आनुवंशिक दृष्ट्या भिन्न असल्याचे स्पष्ट झाले, आणि २००६ मध्ये डार्लिंग व सहकाऱ्यांनी इन्कॉम्प्टा हे नाव पुनरुज्जीवित केले. त्याच वेळी असेही आढळले की, प्रत्येक जातीत उलट वळणाची थोडी कवचे, तीन टक्क्यांहून कमी, असतातच. म्हणजे शंखाचे उदाहरण सर्वस्वी चुकीचे नव्हते. ते फक्त या अल्प प्रमाणापुरते लागू होते.

जुने आकडे यामुळे निरर्थक ठरले नाहीत, त्यांचा अर्थ मात्र बदलला. ते एका जातीवर तापमानाचा झालेला परिणाम दर्शवीत नसून दोन जातींचे बदलते प्रमाण दर्शवितात. ध्रुवीय गाळात एखाद-दुसरे दक्षिणावर्त कवच मिळाले, तर ते उबदार पाण्याची खूण मानता येत नाही. समस्थानिकांच्या विश्लेषणासाठी दोन्ही प्रकारची कवचे एकत्र घेणेही धोक्याचे ठरते.

भूवैज्ञानिक काळात मागे गेल्यास आणखी सावधगिरी बाळगावी लागते. कुचेरा व केनेट यांनी २००२ मध्ये दाखविल्याप्रमाणे आजची ध्रुवीय, वामावर्त पॅकिडर्मा सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी उदयास आली. त्याहून प्राचीन स्तरांतही वामावर्त कवचे मिळतात, परंतु त्यांच्यावरून आजच्या ध्रुवीय समुद्राइतके थंड पाणी गृहीत धरता येत नाही.