मल्टिपल स्क्लेरोसिसमधील थकवा: उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणावर, म्हणजे मायलिनवर हल्ला करते. त्यामुळे पुरेशी झोप होऊनही अनेक रुग्ण सकाळीच गळून जातात. हा आळस नाही, आजाराचे लक्षण आहे, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावे.

उष्णतेने त्रास का वाढतो?
आवरण खराब झालेल्या चेतातंतूतून जाणारा संदेश शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी अडखळू शकतो. मग थकवा वाढतो, नजर धूसर होते, पाय जड पडतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये याचे वर्णन केले. अंग थंड झाले की त्रास ओसरतो. आजार वाढलेला नसतो. गोसीखुर्द, पवनी भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावे.

काय करावे?
• जड कामे सकाळी लवकर उरका. दुपारी सावलीत राहा.
• गार पाण्याने अंघोळ करा, बाहेर पडताना डोक्याला ओला दुपट्टा बांधा.
• रोवणीच्या दिवसांत हवा दमट असते. घाम सुकत नाही, कूलरही फारसा उपयोगी पडत नाही. पंख्याखाली अधूनमधून विश्रांती घ्या.
• थकण्याआधीच थांबा. भाजी निवडणे, कणीक मळणे बसून करा.
• झेपेल तेवढा व्यायाम नियमित करा.
• वारंवार लघवीला जावे लागते म्हणून पाणी कमी पिऊ नका.

इतर कारणे तपासा
रक्तक्षय, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य, अपुरी झोप आणि काही औषधे यांमुळेही थकवा येतो. पूर्व विदर्भात सिकलसेलही आढळतो, त्याची तपासणी राहिली असेल तर करून घ्या. थकव्यासाठी मनाने गोळ्या घेऊ नका. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत.

डॉक्टरांकडे कधी जावे?
अंग थंड झाल्यावरही नवे लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकले, तर ‘ऊन लागले असेल’ म्हणून थांबू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ताप किंवा लघवीत जळजळ असेल तर आधी जंतुसंसर्ग तपासावा लागतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एमएसचा समावेश आहे. दिव्यांगत्व प्रमाणपत्राबाबत डॉक्टरांशी बोला.