दोन्ही हात तयार करण्याची चळवळ

माणसाचे शरीर बाहेरून डावे-उजवे सारखे दिसते. आत मात्र हृदय डावीकडे कललेले असते, यकृत उजवीकडे असते आणि दहांपैकी सुमारे नऊ जण बहुतेक कामे उजव्या हाताने करतात. हातांमधला हा फरक उपजत की सवयीचा, हा वाद जुना आहे. प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथात त्याचा दोष आया आणि दायांवर ठेवला. धनुष्य दोन्ही हातांनी चालवणाऱ्या सिथियन लोकांचा दाखला देऊन त्याने मुलांचे दोन्ही हात तयार करावेत, असे सुचवले.

एकोणिसाव्या शतकात या वादात मेंदू आला. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ मध्ये पॅरिसमधल्या एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. ‘टॅन’ या उच्चारापलीकडे या रुग्णाला जवळजवळ काहीच बोलता येत नसे. त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धात, पुढच्या भागात इजा आढळली. अशा आणखी रुग्णांवरून ब्रोकाने १८६५ मध्ये वाचेचे काम डावा गोलार्ध करतो, असे मांडले. उजव्या हाताचे नियंत्रणही त्याच गोलार्धाकडे असते. यावरून काहींनी सोपा हिशेब केला : डावा हात राबवला की उजवा गोलार्धही कामाला लागेल, तिथे वाचेचे दुसरे केंद्र तयार होईल आणि अर्धांगवायूने एक बाजू गेली तरी वाचा शाबूत राहील.

अमेरिकेत फिलाडेल्फियाचे कलाशिक्षक जे. लिबर्टी टॅड मुलांना दोन्ही हातांत खडू देऊन फळ्यासमोर उभे करीत. एक हात डावीकडे, दुसरा उजवीकडे एकाच वेळी वळे आणि वर्तुळे, वेलबुट्टीचे जुळे भाग एकदम उमटत. टॅड यांचे या पद्धतीवरचे पुस्तक १८९९ मध्ये निघाले. इंग्लंडमध्ये जॉन जॅक्सन यांनी १९०३ मध्ये ‘अँबिडेक्स्ट्रल कल्चर सोसायटी’ स्थापली. एका हाताने पत्र लिहिताना दुसऱ्याने पियानो वाजवता येईल, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या १९०५ च्या पुस्तकाला ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेल यांची प्रस्तावना होती. सैनिकाला तलवार, पिस्तूल आणि भाला दोन्ही हातांनी सारखाच चालवता आला पाहिजे, असे बेडन-पॉवेल यांचे मत होते. प्रस्तावनेखाली त्यांनी दोन्ही हातांनी सह्या केल्या.

टॅड यांचा सराव आणि जॅक्सन यांचे आश्वासन यांत मात्र मोठे अंतर होते. दोन हात आरशातल्यासारखे एकदम फिरवणे सोपे असते. दोहोंकडून एकाच वेळी वेगवेगळी कामे करून घेणे अतिशय अवघड असते. शिवाय ब्रोकाच्या शोधाचा उलटा अर्थही निघत होता. जेम्स क्रायटन-ब्राऊन या वैद्याने १९०७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात तोच मांडला : उजवेपण मेंदूच्या रचनेतच मुरलेले असल्याने ते शिकवून पुसता येणार नाही. पुढच्या संशोधनाने उजवा गोलार्ध निकामी बसत नाही, हेही दाखवले. अवकाशाचे भान आणि चेहऱ्यांची ओळख यांत त्याचा मोठा वाटा असतो. विषमता ही उणीव नसून कामाची वाटणी आहे, हे स्पष्ट झाल्यावर चळवळीचा आधारच गेला.

गरजेपुरता सराव मात्र टिकला. १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिणाऱ्या गांधीजींनी उजवा हात थकल्यावर काही पाने डाव्या हाताने लिहिली. तबलजी, शल्यवैद्य आणि पियानोवादकही दोन्ही हात तयार करतात. पण तबल्यात दायाँ आणि बायाँ यांची कामे वेगळी असतात आणि प्रत्येक हात आपल्या वाट्याचे काम शिकतो.