बूलचा नातू आणि त्याचा नांगर

मराठीत शेतात चालतो तोही नांगर आणि समुद्रात टाकतात तोही नांगर. १९३३ साली केंब्रिजच्या एका शास्त्रज्ञाने हे दोन्ही नांगर खरोखरच एक करून टाकले, आणि तेही मराठीशी काही संबंध नसताना!

त्याचं नाव जेफ्री इन्ग्राम टेलर. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात पानोपानी भेटतो तोच हा. आई मार्गारेट ही जॉर्ज बूलची मुलगी. म्हणजे आपण कोडमध्ये दिवसभर जे ट्रू-फॉल्स खेळतो, त्या 'बूलियन'वाल्या बूलचा हा सख्खा नातू. टेलरसाहेबांना शिडाच्या बोटीचं भारी वेड. १९२७ साली 'फ्रॉलिक' नावाच्या आपल्या बोटीतून ते पार नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत जाऊन आले होते.

आता बोटवाल्यांचा प्रॉब्लेम बघा. रात्री वादळ आलंय, वारा किनाऱ्याकडे ढकलतोय. अशा वेळी बोट आणि खडक यांच्यामध्ये फक्त नांगर असतो. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट. जुन्या पद्धतीच्या नांगराचा एक पंजा मातीत घुसायचा, दुसरा वर उघडाच राहायचा. बोट फिरली की साखळी त्यात अडकायची आणि नांगर उपटला जायचा. पकड वाढवायची तर वजन वाढवा, हाच उपाय. युद्धनौकेवर ते ओढायला माणसं असतात, पण दोघातिघांच्या बोटीवर कुठून आणणार?

टेलरने वजनाचा नाद सोडून आकाराचा विचार केला. शेतातल्या नांगरासारखा फाळ, दोन्ही बाजूंना माती सारणारा, आणि दांड्याला बिजागरी. ओढ बसली की टोक घुसतं, फाळ सरळ होतो आणि मातीत खोल शिरतो. बोट थोडी इकडेतिकडे झाली तर दांडा फिरतो, फाळ मात्र जागेवरच. नाव ठेवलं 'सीक्यूआर'. भरभर म्हणून बघा: सिक्युअर!

पण हे सगळं ओढ आडवी असेल तरच. वरच्या दिशेने ओढलं की कुठलाही नांगर निघून येतो. इथे साखळीचं काम सुरू होतं. पूर्वी वाखाचे जाड दोर असत, ते खडकावर घासून तुटायचे. १८०८ साली ब्रिटिश नौदलातल्या सॅम्युअल ब्राउनने जहाजावर लोखंडी साखळी वापरून दाखवली. साखळी सहजी झिजत नाही, शिवाय स्वतःच्या वजनाने तळाशी लोळते आणि ओढ आडवी ठेवते. म्हणूनच खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडा असं सांगतात. मोठ्या वादळात मात्र तीही ताणून सरळसोट होते, झोळ संपतो आणि प्रत्येक लाटेचा हिसका थेट बोटीला बसतो. म्हणून जाणकार लोक साखळीला नायलॉनचा लवचिक दोर जोडतात. हिसका तो खातो.

असो. आजचे नवे नांगर चाचण्यांमध्ये सीक्यूआरला बरेचदा मागे टाकतात, पण तेही आकार बदलूनच! आपल्याकडे सर्व्हर स्लो झाला की पहिली मागणी रॅम वाढवायची येते. पुढच्या वेळी आधी टेलरआजोबांना आठवा.