सव्वादोन फुटांच्या बाहुल्या

भातुकलीतल्या बाहुलीला चिंध्यांचे लुगडे नेसवणे हा आपल्याकडे पोरींचा खेळ. पण अशाच एका बाहुल्यांच्या खेळाने मोठ्या शहराच्या अडचणीत सापडलेल्या धंद्याला हात दिला, असे सांगितले तर तुम्हाला नवल वाटेल. ते शहर पॅरिस आणि साल १९४५.

धंदा उंची शिवणकामाचा. फ्रेंच लोक त्याला ‘ओत कुत्यूर’ म्हणतात. एका बाईच्या मापाचा पोशाख, बराचसा हातानेच शिवायचा, असा हा प्रकार. तुम्ही म्हणाल, हे श्रीमंतांचे चोचले, आपल्याला काय त्याचे? चोचले खरेच. पण पोशाख घालणारी एक असली तरी तिच्यामागे राबणारे हात पुष्कळ. कापणारे, शिवणारे, कशिदा काढणारे, पिसांचे काम करणारे, टोप्या आणि पादत्राणे घडवणारे. आपल्या गावगाड्यात बलुतेदार एकमेकांवाचून अडायचे, तशीच ही मंडळी. १९४० साली जर्मनांनी पॅरिस घेतले, तेव्हा हा सगळा धंदा उचलून बर्लिन आणि व्हिएन्नाला न्यायचा त्यांचा बेत होता. धंद्याच्या संघाचे अध्यक्ष ल्यूसियां लेलाँ यांनी वाटाघाटी केल्या. त्यांचा मुद्दा साधा होता: हे कारागीर आपल्या गल्ल्यांतून उपटले तर धंदाच उरणार नाही, मग नेणार काय? बेत बारगळला. शत्रूशी बोलणी करावीत की नाही हा प्रश्न अवघडच. पण त्यामुळे हजारो शिवणाऱ्या बायकांची चूल पेटत राहिली, हेही विसरता येत नाही.

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले. पण कापड नाही, कोळसा नाही, भाकरीसुद्धा शिधापत्रिकेवर. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्यांसाठी निधी जमवायचा होता आणि आमचे हात अजून शाबूत आहेत हे जगाला दाखवायचेही होते. नीना रिची यांचा मुलगा रोबेर रिची याने तोड काढली. माणसाएवढ्या पोशाखांना कापड पुरत नाही ना? मग बाहुल्यांना नेसवू! कल्पना अगदीच नवी नव्हती. पूर्वी पॅरिसहून नटवलेल्या बाहुल्या परदेशी दरबारांत पाठवीत, म्हणजे तिकडच्या बायकांना नवी तऱ्हा कळे.

बाहुलीचा आराखडा केला एलियान बोनाबेल या जेमतेम चोविसेक वर्षांच्या चित्रकार मुलीने. बाहुली खेळण्यातली वाटू नये म्हणून तिने अंग तारेचे ठेवले, नुसत्या रेषांनी हवेत काढलेल्या चित्रासारखे. डोकी प्लास्टरची, ती कातालान शिल्पकार जुआन रेबुल यांनी केली. उंची सुमारे सव्वादोन फूट. अशा दोनशेहून अधिक बाहुल्या पन्नासांवर पेढ्यांनी सजवल्या, तेही ऐन हिवाळ्यात, शेगडीवाचून.

मार्च १९४५ मध्ये लूव्र राजवाड्याच्या एका भागातील शोभिवंत कलांच्या संग्रहालयात प्रदर्शन उघडले. नाव ‘तेआत्र द ला मोद’, म्हणजे फॅशनचे नाट्यगृह. क्रिस्तियां बेरार, झां कोक्तो अशा कलावंतांनी छोटे रंगमंच उभारले होते. सुमारे एक लाख लोक येऊन गेले.

आता समजा, शिवणकाम शिकणारी एखादी मुलगी त्या गर्दीत उभी आहे. तिने काय बघावे? रंगमंचाचा झगमगाट तर सगळेच बघतात. (आमचे विद्यार्थी कुठल्याही प्रदर्शनात आधी किंमत विचारतात, तो भाग वेगळा!) तिने वाकून काज बघावे. एवढेसे बटण, पण ते खरोखर लागते आणि निघते. खिसा नुसता दाखवायचा नाही, आत पिशवी आहे. कुणी उलटून बघणार नाही हे ठाऊक असूनही अस्तर नेटके शिवले आहे. अडचण कापडाची. माणूस लहान करता येतो, पण सुताची जाडी कशी लहान करणार? जाड कापड बाहुलीच्या अंगावर गोणपाटासारखे ताठ उभे राहते. म्हणून कारागिरांना पातळ कापड आणि बारीक नक्षी शोधावी लागली. हे ज्याला दिसले, त्याचा तिकिटाचा पैसा वसूल झाला म्हणायचा.

त्या प्रदर्शनात लेलाँ यांच्या पेढीचे पोशाखही होते. तिथे क्रिस्तियां दिओर नावाचा एक आरेखक नोकरीला होता. वय चाळीस, स्वतःचे दुकान नाही. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्याने स्वतःच्या पेढीचे पहिले पोशाख मांडले आणि घोळदार झग्यांची ती तऱ्हा जगभर गेली.

बाहुल्या मात्र भटकल्या. लंडन, स्टॉकहोम, व्हिएन्ना, मग १९४६ साली न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को. तिथून दागिने तेवढे पॅरिसला परत गेले. बाहुल्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात पडून राहिल्या आणि १९५२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयाकडे आल्या. १९८८ ते १९९० या काळात त्यांना पॅरिसला नेऊन दुरुस्त केले. हरवलेले रंगमंच जुन्या छायाचित्रांवरून नव्याने उभे केले. ते संग्रहालय कुठल्या शहरात नाही. कोलंबिया नदीकाठच्या उजाड टेकाडावर, वाऱ्यात एकटे उभे आहे. तिथे त्या बाहुल्या आळीपाळीने मांडतात. अंगावर कपडे आहेत तेच, काज-बटणांसकट.