दोघांची चुरस आणि गिऱ्हाइकाचा लाभ

मालाची किंमत घडणावळीवरून ठरते असें दुकानदार नेहमीं सांगतो. परंतु ती पुष्कळदां समोरच्या दुकानावरून ठरते, हें पेठेंत वावरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें. या जुन्या अनुभवाचें एक लख्ख प्रत्यंतर इ. स. २००८ च्या जून-जुलै महिन्यांत, आणि तेंही संगणकावरील खेळांसारख्या अगदीं नव्या क्षेत्रांत, पाहावयास मिळालें.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकांत बसविलेलें, केवळ चित्रें रेखाटण्यासाठीं योजिलेलें स्वतंत्र यंत्र. खेळांतील अरण्यें, पाणी, धूर आणि सावल्या हीं सारीं दृश्यें तें क्षणोक्षणीं नव्यानें रेखाटीत असतें. एका सेकंदांत तीस चित्रें निघालीं तर खेळ चालतो. साठ निघालीं तर हालचाल सफाईदार भासते. म्हणून कार्डाची योग्यता या संख्येनें मोजण्याची पद्धत रूढ झाली. किंमतीस त्या संख्येनें भागलें म्हणजे एकेका चित्रामागें किती दाम पडले, तें कळतें. चोखंदळ गिऱ्हाइकाचा हाच तराजू होय.

या व्यापारांत त्या काळीं दोनच घराणीं प्रबळ होतीं. एक, कॅलिफोर्नियांत १९९३ सालीं स्थापन झालेली एनव्हिडिया. आणि दुसरें, कॅनडांत १९८५ सालीं निघालेली एटीआय. ही दुसरी कंपनी २००६ सालीं एएमडीनें सुमारें ५४० कोटी डॉलरांस विकत घेतली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत एनव्हिडियानें ८८०० जीटीएक्स हें कार्ड ५९९ डॉलरांस आणलें. त्यास उत्तर म्हणून मे २००७ मध्यें एटीआयचें एचडी २९०० एक्सटी उशीरा आलें, तें फार तापे, आणि वेगांतही कमीच पडलें. त्याच महिन्यांत एनव्हिडियानें आपल्या जुन्याच चिपेचा वेग थोडा वाढवून ८८०० अल्ट्रा हें कार्ड ८२९ डॉलरांस विकावयास काढलें. प्रतिस्पर्धी दुबळा झाला म्हणजे भाव कसा चढतो, तें येथें दिसलें.

पुढें १६ जून २००८ रोजीं एनव्हिडियानें जीटीएक्स २८० हें कार्ड ६४९ डॉलरांस जाहीर केलें. त्याचें धाकटें भावंड जीटीएक्स २६० होतें ३९९ डॉलरांचें. त्यांतील चिप ५७६ चौरस मिलिमीटरांची, १४० कोटी ट्रान्झिस्टरांची. एएमडीनें मात्र सर्वांत मोठी चिप घडविण्याचा हव्यास मुद्दाम सोडला होता. सिलिकॉनच्या चकतींतून तुकडे जितके मोठे कापावे, तितके ते संख्येनें कमी निघतात, आणि एखादा दोष निघाला तर वायां जाणारा भागही मोठा असतो. म्हणून तिनें सुमारें २६० चौरस मिलिमीटरांची, ९५ कोटींहून अधिक ट्रान्झिस्टरांची लहान चिप बनविली, आणि तिच्या जोडीस जीडीडीआर-५ ही नवी वेगवान स्मृति दिली. हें रेडिऑन एचडी ४८७० कार्ड त्याच महिन्याच्या २५ तारखेस आलें. किंमत होती २९९ डॉलर.

परीक्षकांनीं तीं कार्डें समोरासमोर ठेवून खेळ चालविले, तेव्हां २९९ डॉलरांचें कार्ड ३९९ डॉलरांच्या कार्डाच्या बरोबरीस उतरलें. कित्येक खेळांत तें वरचढही ठरलें. जीटीएक्स २८० अधिक वेगवान होतें यांत शंका नाहीं. पण दुपटीहून अधिक दाम मोजून वेग कांहीं दुप्पट होत नव्हता. कांहीं आठवड्यांतच ६४९ चे ४९९ झाले, आणि ३९९ चे २९९. इतक्या अल्प काळांत चिपेची घडणावळ स्वस्त झाली नव्हती, कीं यंत्रांत कांहीं बदल झाला नव्हता. बदललें होतें तें फक्त समोरचें दुकान.

तथापि हा विजय निर्भेळ नव्हता. ऑगस्टांत एएमडीनें दोन लहान चिपा एका कार्डावर बसवून एचडी ४८७० एक्स-२ हें कार्ड ५४९ डॉलरांस आणलें. पुष्कळ खेळांत त्यानें जीटीएक्स २८० ला मागें टाकलें. परंतु दोन चिपांनीं आळीपाळीनें काढलेलीं चित्रें सारख्या अंतरानें येत नसत. सरासरी मोठी दिसे, आणि डोळ्यांस मात्र अडखळ जाणवे. सरासरीचा आंकडा खरा असूनही फसवूं शकतो, हें गिऱ्हाईक येथें शिकलें.

दुसरेंही एक सत्य कालांतरानें उमगलें. एनव्हिडियाची ती अवजड चिप केवळ खेळांसाठीं नव्हती. शास्त्रीय गणितासाठींही तिची योजना होती. त्याच पिढीचीं टेस्ला कार्डें २००८ सालींच टोकियोच्या त्सुबामे महासंगणकांत बसलीं. पुढें २०१२ सालीं टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनीं चित्रें ओळखण्याची स्पर्धा जिंकली, ती एनव्हिडियाच्याच दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगाचें दार त्या यशानें सताड उघडलें. खेळाच्या पेठेंत ज्या दूरदृष्टीचा भार झाला, तीच दुसऱ्या पेठेंत भांडवल ठरली.

आणि खेळणाऱ्याचें काय झालें? २०२४ सालीं एएमडीनें सांगितलें कीं, सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतीपेक्षां बहुसंख्यांस परवडणाऱ्या श्रेणीवर आपला भर राहील. २०२५ च्या जानेवारींत एनव्हिडियाचें आरटीएक्स ५०९० आलें, तें १९९९ डॉलरांस; मार्चांत एएमडीचें सर्वांत वरचें नवें कार्ड आलें, तें ५९९ डॉलरांस. डॉलरची घसरण झाली, चिपा घडविणें महाग झालें, हें सारें मान्य. तरी या दोन किंमतींमधील ओसाड अंतर पुरेसें बोलकें आहे. दोघांचें भांडण, तिसऱ्याचा लाभ, अशी म्हण आहे. तिची दुसरी बाजू अशी कीं, दोघांपैकीं एकानें आखाडा सोडला, म्हणजे त्याची किंमत त्या तिसऱ्यासच मोजावी लागते.